जानेवारीत इस्तंबूल-कप्पाडोकियाला जाताना

अगं, महाबळेश्वरसाठी घेतलेल्या स्वेटरवर तिथे भागणार नाही. कप्पाडोकिया म्हणजे तुर्कस्तानच्या मधला भाग, हजारेक मीटर उंचीवर. जानेवारीत रात्री पारा शून्याखाली जातो, बर्फही पडतो. इस्तंबूलला पाऊस, म्हणून जॅकेट वॉटरप्रूफच घे. आत थर्मल, वर तुझे नेहमीचे लांब कुर्ते. मशिदीत अंग झाकलेलं लागतं, ते काम आपसूक होतं. डोक्यावर जॉर्जेटची ओढणी नको, मेली सारखी घसरते आणि एक हात त्यातच अडकतो. सुती किंवा लोकरी स्टोल घे, गळ्यालाही ऊब. आत जाताना बूट काढावे लागतात, तेव्हा मोजे जाड आणि मुख्य म्हणजे न फाटलेले! रस्त्यावर डोकं झाकायची सक्ती नाही, उगाच भेंडीबाजारात बुरखे बघत फिरू नकोस. जड जॅकेट बॅगेत कोंबू नकोस, हातात धरूनच विमानात चढ. मुंबईत घाम फुटेल, फुटू दे.