माईक राहू दे, वाकळ टांगा

प्रश्न : सर, आम्ही निपाणीचे चौघे मित्र पन्नासच्या दशकातली रॉक गाणी रेकॉर्ड करतोय. लॅपटॉपवर क्लिक (लय दाखवणारी ठरावीक टिकटिक) लावून आधी ड्रम, मग एकेकानं येऊन बेस, गिटार, आवाज. सूर-ताल चुकत नाही, तरी गाणं उठत नाही. महागाचा माईक घ्यावा का? घरचे म्हणतात, दुसऱ्याची गाणी गायचीच कशाला?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : पैसे खर्चू नका. तुम्ही पाठवलेलं ‘जॉनी बी. गुड’ मी तीनदा ऐकलं. आता चक बेरीचं १९५८ चं मूळ लावा आणि नुसत्या ड्रमवर कान ठेवा. ड्रमवाला झोलात, म्हणजे ठोके सारख्या अंतरानं न टाकता झुलवत वाजवतोय, बेरीची गिटार जवळजवळ सरळ पळतेय. त्या ओढाताणीतच गाण्याचा जीव आहे आणि तुमच्या क्लिकनं नेमकी तीच काढून टाकलीय. झोल तुम्हाला नवा नाही. सप्ताहात भजनी ठेका धरणारे पखवाजी आठवा, त्यांच्या थापा कधी मोजून मापून पडतात का?

तेव्हा क्लिक बंद करा. एकमेकांची तोंडं दिसतील असे एकाच खोलीत बसा आणि एकदम वाजवा. ड्रम गायकाच्या माईकमध्ये शिरेल, शिरू दे. वडगावात मी घरीच असं एक गाणं केलं. भिंतींना आईच्या वाकळा टांगल्या, तरी शेवटच्या कडव्यात शेजारच्या मागाची खटखट आलीच. रात्री माग थांबल्यावर पुन्हा सात टेक घेतले. एकालाही पहिल्याची सर येईना. खटखटीसकट तोच ठेवला.

एल्विसची बाजारात आलेली पहिली तबकडी १९५४ ची, मेम्फिसमधली. दोन गिटार, एक उभा बेस, ड्रम नाहीच. आवाजामागचा तो झटकन येणारा प्रतिध्वनी रेकॉर्डिंग करणाऱ्या सॅम फिलिप्सनं टेप मशीनवर काढलेला. तुम्ही लॅपटॉपवरच्या डिलेमध्ये (आवाज थोडा उशिरा परत ऐकवणारा इफेक्ट) एकच प्रतिध्वनी ठेवा, साधारण १२० मिलिसेकंदांचा, तोही दबता.

घरच्यांना सांगा, ‘दॅट्स ऑल राइट’ हे एल्विसचं ते गाणंही मुळात आर्थर क्रूडपचं, १९४६ मध्ये रेकॉर्ड झालेलं. आणि आपल्या सुळेभावीचे कुमार गंधर्व लहानपणी मोठ्या गवयांच्या तबकड्या ऐकून हुबेहूब गायचे. त्यांचं स्वतःचं गाणं नंतर आलं. तुम्हीही आधी जसंच्या तसं उतरवा, फक्त उच्चार अमेरिकन करायला जाऊ नका.

चौघांचा एकत्र टेक झाला की पाठवा. वाकळा कमी पडल्या तर बेळगावला या, माझ्याकडे चार आहेत.