एका वेळी एकच पुंगळी

तुझं पत्र दोनदा वाचलं. ‘काका, हल्ली प्रेससमोर बसायचं म्हटलं की जिवावर येतं,’ असं तू घरी काडतुसं भरायच्या त्या यंत्राबद्दल लिहिलंस, ते वाक्य मला खुपलं. पहिली 50 काडतुसं भरून झाली तेव्हा रात्री साडेअकराला मला फोन करून उठवणारा तूच ना?

पुढे लिहितोस की प्रोग्रेसिव्ह प्रेस घेतलं, हँडल एकदा ओढलं की एक तयार काडतूस पडतं, एका सकाळी 400 होतात. आणि वर विचारतोस, मजा कुठे गेली? अरे, 400 काडतुसंच हवी असतील तर ती तयार विकत मिळतात. मी तुला सांगणार ते एकच: एका वेळी एकच पुंगळी, काडतुसाचं एकच पितळी कवच. हँडलच्या एका ओढीत एकच काम करणारं ते जुनं सिंगल-स्टेज प्रेस पुन्हा टेबलाला बसव.

रायफलची वापरलेली पुंगळी हातात घे. बारीक तारेचं टोक वाकवून आत घाल आणि बुडापासून भिंतीला घासत वर आण. पितळ आतून झिजलं असेल तर तार तिथे खाचेत अडखळते. कधीकधी बाहेरून त्याच जागी चकचकीत रेघ उमटलेली असते. अशी पुंगळी पुढच्या बाराला दुभंगू शकते. तुझ्या मशीनला ती खाच कळत नाही, तुझ्या बोटांना कळते. प्रायमरही, म्हणजे पावडर पेटवणारी बुडातली टोपी, हाताने बसवून बघ. त्याचा खिसा सैल झाला असेल तर तो काहीच जोर न लावता आत जातो, आणि ती पुंगळी बाद. मला या कामात सगळ्यात जास्त आनंद इथे मिळतो, निरुपयोगी पुंगळी वेळेत ओळखण्यात.

बुडाच्या मधोमध एकच छिद्र असतं म्हणून बॉक्सर पद्धतीचा जुना प्रायमर प्रेसच्या डायमधल्या, म्हणजे साच्यातल्या, पिनने सहज निघतो. बर्डन पद्धतीत छिद्रं दोन, तिथे ही पिन चालत नाही. बॉक्सर इंग्रज, पण त्याची पद्धत रुजली अमेरिकेत. बर्डन अमेरिकन, त्याची गेली युरोपात. हे तुला पहिल्या दिवशी सांगितलं तेव्हा तू प्रत्येक पुंगळीत डोकावून बघत होतास. आता डोकावतोस का?

आता पत्रातल्या त्या गोळीच्या वेगाच्या चढउताराच्या आकड्यांबद्दल. क्रोनोग्राफवर, त्या वेग मोजायच्या यंत्रावर, वेग सारखा यावा म्हणून तू दशांश ग्रेन पावडरीच्या मागे लागलायस. म्हणजे जेमतेम साडेसहा मिलिग्रॅम. आणि पुंगळ्या मात्र चार कंपन्यांच्या, मिसळलेल्या! प्रत्येकीची आतली जागा वेगळी, मग वेग सारखा येणार कसा? आधी पुंगळ्या निवड. एकेक करून.

मीही घाई केली आहे. एका स्पर्धेच्या आदल्या रात्री गप्पा मारत रिव्हॉल्व्हरची काडतुसं भरत होतो. एका पुंगळीत पावडर पडलीच नाही. दुसऱ्या दिवशी नुसता ‘फट्’ असा आवाज झाला. प्रायमरच्या जोराने गोळी नळीत शिरून अडकली होती आणि माझं बोट पुन्हा ट्रिगरवर दाबलं जात होतं. शेजारचा नेमबाज ओरडला म्हणून थांबलो, नाहीतर मागची गोळी अडकलेल्या गोळीवर आदळून नळी फुटू शकली असती. त्या हाकेमुळे माझे डोळे आणि हात शाबूत आहेत.

त्यानंतर मी माझं वेगवान प्रेस विकलं. मी भ्यालो असं लोक अजून म्हणतात. भ्यालो नव्हतो. प्रोग्रेसिव्हवर नीट काम करणारी माणसं मी पाहिली आहेत, ती डोळ्यांत तेल घालून बसतात. मी तसा बसत नव्हतो, आणि त्या प्रेसवरच्या आठ वर्षांत भरलेल्या हजारो काडतुसांपैकी एकही मला आठवत नाही. त्याआधी भरलेली पहिली वीस मात्र आठवतात. याला कुणी म्हातारपणाचा हट्ट म्हणत असेल तर म्हणू दे, माझा निर्णय बरोबर होता.

या रविवारी 50 भर, जास्त नाही. फोन दुसऱ्या खोलीत ठेव. पावडर भरून झाली की गोळी बसवण्याआधी टॉर्च घेऊन, पुंगळ्या उभ्या ठेवायच्या ठोकळ्यातल्या 50 तोंडांतून आत बघ, एकेक, सगळ्यांची पातळी सारखी आहे ना. एखादीबद्दल किंचित जरी शंका आली तरी ती रिकामी करून पुन्हा भर. आणि बाद पुंगळ्या किती निघाल्या, कशामुळे, ते मला लिहून पाठव.