विश्वात प्रतिद्रव्य का उरलं नाही? हे कुठल्या प्रयोगातून कळू शकेल?

प्रतिद्रव्य म्हणजे द्रव्याचं जुळं भावंड, फक्त विद्युतभार वगैरे उलटे. सुरुवातीला द्रव्य आणि प्रतिद्रव्य जवळपास सारखंच होतं. दोन्ही भेटले की एकमेकांना संपवतात. तरी आपण उरलो, म्हणजे साधारण अब्ज जोड्यांमागे द्रव्याचा एखादा कण जास्त होता. तो कुठून आला, हेच कोडं.

सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञ आंद्रेई साखारोव यांनी १९६७ साली त्यासाठी तीन अटी मांडल्या. प्रयोगांत सर्वांत जास्त पिच्छा पुरवला जातो तो त्यातल्या सीपी-भंगाचा, म्हणजे कण आणि प्रतिकण यांच्या वागण्यातल्या फरकाचा. हा फरक १९६४ मध्ये केऑन नावाच्या अल्पायुषी कणांत सापडला. २०२५ मध्ये सर्न या युरोपीय प्रयोगशाळेतल्या एलएचसीबी प्रयोगाने तो बॅरिऑनमध्ये, म्हणजे प्रोटॉनच्या कुळातल्या कणांतही दाखवला. पण ‘कोडं सुटलं’ असं समजू नका. स्टँडर्ड मॉडेलमधला (म्हणजे कणांविषयीच्या आजच्या मान्य सिद्धांतातला) सीपी-भंग गरजेपेक्षा कितीतरी पटींनी तोकडा आहे.

उरलेला फरक कुठे लपला असेल? माझी पैज न्यूट्रिनोवर, म्हणजे अत्यंत हलक्या, विद्युतभार नसलेल्या कणांवर. न्यूट्रिनो प्रवासात आपला प्रकार बदलतात. प्रतिन्यूट्रिनो तेच वेगळ्या प्रमाणात करतात का, हे जपानमधला टी२के प्रयोग तपासतोय. पुढे जपानमधलाच हायपर-कामिओकांडे आणि अमेरिकेतला ड्यून (न्यूट्रिनोंचा १३०० किलोमीटरचा झोत!) हे प्रयोग अधिक नेमकं सांगतील. दुसरीकडे, न्यूट्रिनो स्वतःच स्वतःचा प्रतिकण आहे का, हे न्यूट्रिनोविरहित दुहेरी बीटा ऱ्हासाच्या (अणुकेंद्रातून दोन इलेक्ट्रॉन बाहेर पडतात, पण न्यूट्रिनो एकही नाही) शोधातून कळेल. अजून तो कुणालाही खात्रीने दिसलेला नाही.

शिवाय टेबलावर मावणारे प्रयोगही आहेत : इलेक्ट्रॉनचा विद्युत द्विध्रुव, म्हणजे त्याच्या विद्युतभाराची किंचित एकांगी मांडणी, मोजणारे. ती असणं हीसुद्धा सीपी-भंगाचीच खूण. तिथे शून्याहून वेगळा आकडा मिळाला, तर अवाढव्य यंत्रांच्या आधीच बाजी मारली जाईल.