प्राध्यापकांनी परदेशातल्या युद्धाविरुद्ध सह्यांची पत्रकं काढून काही फरक पडतो का?

नुसत्या सह्यांनी नाही पडत. पत्रक वाचणारा बहुतेक आधीच त्या बाजूचा असतो. आणि वर्ग बंद ठेवले तर दुसऱ्या दिवशी युद्धाऐवजी बुडालेल्या तासांचीच चर्चा होते.

अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात १९६५ साली हेच झालं. २ मार्चपासून उत्तर व्हिएतनामवर अमेरिकेची सलग बॉम्बफेक सुरू झाली, ८ तारखेला अमेरिकी मरीन सैनिक दक्षिण व्हिएतनाममधल्या दा नांगला उतरले. काही प्राध्यापकांनी जाहीर केलं, की एक दिवस नेहमीचे तास घ्यायचे नाहीत, व्हिएतनामवर बोलायचं. गव्हर्नर रॉम्नी आणि राज्याचं सेनेट त्यांच्यावर तुटून पडलं. बॉम्ब राहिले बाजूला, मास्तरांचं कर्तव्य हाच विषय झाला. तेव्हा मानववंशशास्त्रज्ञ मार्शल साहलिन्स यांनी तोड काढली: तास बुडवायचेच नाहीत, उलट रात्रभर शिकवायचं. यालाच नाव पडलं टीच-इन.

२४ मार्चला रात्री ८ वाजता एंजल हॉलमध्ये सुरुवात, सकाळी ८ ला शेवट. मुलींना वसतिगृहात ठरल्या वेळी परतावं लागे; त्या रात्रीपुरती विद्यापीठाकडून सूट मिळाली होती. आधी मोठी व्याख्यानं, मग छोट्या गटांत चर्चा. मध्येच बॉम्बची धमकी आली, हॉल रिकामा करावा लागला. लोक घरी गेले नाहीत, कडाक्याच्या थंडीत बाहेरच सभा झाली. रात्रभरात सुमारे ३,००० जण येऊन गेले.

तास बंद ठेवायचे सोडून रात्री शिकवणं ही माघार होती असं म्हणणारे अजून भेटतात. मला ते साफ अमान्य आहे. संप करायचा तर नोकरी पणाला लावायची तयारी लागते. रात्रीचं शिकवणं कुठल्याही कॉलेजला जमतं, म्हणून तर ते पसरलं. १५ मे रोजी वॉशिंग्टनची टीच-इन सभा फोनच्या तारांवरून शंभराहून जास्त कॅम्पसांनी ऐकली. सरकारची बाजू मांडायला यायचे ते राष्ट्राध्यक्षांचे सुरक्षा सल्लागार मॅकजॉर्ज बंडी ऐनवेळी आले नाहीत, पण २१ जूनला त्यांना टीव्हीवर युद्धाचे टीकाकार प्राध्यापक हॅन्स मॉर्गेनथाऊंसमोर बसावं लागलं.

युद्ध मात्र थांबलं नाही, हे खरं. जुलैत राष्ट्राध्यक्ष जॉन्सननी व्हिएतनाममधलं सैन्य ७५ हजारांवरून सव्वा लाखावर न्यायचं जाहीर केलं.

तुम्ही टीच-इन करणार असाल तर वक्त्यांची यादी नंतर. आधी हॉलची लेखी परवानगी, वसतिगृहाच्या फाटकाची वेळ आणि चर्चेसाठी चार-पाच छोट्या खोल्या बघा. आणि विरोधी मताच्या माणसाला प्रश्न विचारायला माइक द्याच.