जुना फ्लॅट घेऊन दुरुस्त करण्याआधी

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तीस वर्षं जुना फ्लॅट, भाव आसपासच्या घरांपेक्षा कमी, मालक घाईत, बेडरूमची एक भिंत त्याने नुकतीच रंगवून घेतलेली. तुम्हाला स्वयंपाकघर नवं करायचंय, मधली भिंत पाडून हॉल मोठा करायचाय, आणि "भाड्याने द्यायचा की विकायचा ते काम झाल्यावर बघू" असं तुम्ही लिहिलंय. मला अडलं ते या शेवटच्या वाक्यापाशी. हे आधी ठरवा. कुठली फरशी, कसलं किचन, भिंत ठेवायची की पाडायची, या सगळ्यांची उत्तरं त्यावरून ठरतात.

विकायचं असेल तर हिशेब उलट्या बाजूने करायचा. दुरुस्तीनंतर घर कितीला जाईल, तिथून सुरुवात. घरं दुरुस्त करून विकणाऱ्यांमध्ये ७० टक्क्यांचा नियम चालतो: विक्रीची अपेक्षित किंमत १०० धरली, तर ७० मधून दुरुस्तीचा खर्च वजा करायचा. दुरुस्ती १५ असेल तर खरेदी ५५ च्या वर जाऊ द्यायची नाही. मधले ३० दलाली, नोंदणी, कर, घर पडून असतानाचं व्याज आणि नफा यांत जातात. हा नियम कडक आहे, पुष्कळदा इतक्या कमी भावात घर मिळतच नाही. पण हिशेबाची दिशा बरोबर आहे, म्हणून मी तो अजूनही कागदावर मांडून बघतो. विक्रीची किंमत मात्र जाहिरातींवरून धरू नका. जाहिरातीत मालकाची अपेक्षा असते. त्याच इमारतीत किंवा शेजारी प्रत्यक्ष झालेल्या व्यवहारांचे आकडे शोधा.

भाड्याने द्यायचं असेल तर वर्षाचं भाडं भागिले एकूण गुंतवणूक. एकूण म्हणजे खरेदी, नोंदणी, दलाली, दुरुस्ती सगळं. समजा १०० गुंतवले आणि वर्षाला ५ भाडं येतं. भाडेकरू बदलताना एक महिना घर रिकामं राहिलं की वर्षाच्या भाड्यातले ८ टक्के गेले. मेंटेनन्स, कर, किरकोळ दुरुस्त्या वजा करून हातात साडेतीन-चार उरतात. कर्ज ९ टक्क्यांनी असेल तर दर महिन्याला खिशातून भर घालावी लागणार. ती घालायची तयारी असेल तर जरूर घ्या, फक्त ती रक्कम आज मांडून ठेवा.

कर्जाबद्दल आणखी एक. ९ टक्के व्याज आणि २० वर्षांची मुदत असेल तर पहिल्या हप्त्यातला सुमारे ८३ टक्के भाग व्याजाचा असतो, आणि निम्मं मुद्दल फिटायला जवळजवळ १४ वर्षं लागतात. चार-पाच वर्षांत विकलंत तर कर्ज फारसं कमी झालेलं नसतं. २० टक्के स्वतःचे आणि ८० टक्के कर्ज घेतलं, आणि भाव १० टक्क्यांनी पडला, तर तुमचे निम्मे पैसे गेले. सुरुवातीला हे कुणी मला सांगितलं असतं तर मी पहिलं घर घेताना इतकं कर्ज काढलं नसतं.

आता दुरुस्तीकडे. माझ्या पहिल्या घरात बेडरूम आणि बाथरूम यांच्यामधल्या भिंतीवर तळहाताएवढा डाग होता. रंगाऱ्याने तो खरवडला, पुट्टी लावली, वर ओल रोखणारा म्हणून महाग रंग मारला. भिंत सुंदर दिसली. चौथ्या महिन्यात पोपडे सुटले, मग पांढरा लोणा, म्हणजे ओलीबरोबर बाहेर येणारे क्षार, आला. भाडेकरू बाई रोज सकाळी ती पावडर झाडून काढायच्या. एके दिवशी त्यांनी कपाटातून मुलाचा स्वेटर काढून दाखवला, बुरशीचे ठिपके पडलेला. मला फार वाईट वाटलं. शेवटी बाथरूम उकरलं, तर नहाणी ट्रॅपचा, म्हणजे फरशीतलं पाणी जिथून खाली जातं त्या जाळीखालच्या भांड्याचा, सांधा गळत होता. आम्ही नुकत्याच बसवलेल्या टाइल्स त्या सांध्यासाठी फोडाव्या लागल्या. एकाच बाथरूमचे दोनदा पैसे मोजले.

तेव्हापासून मी घर बघायला जाताना जाड प्लास्टिक आणि चिकटपट्टी नेतो. मालकाला विचारून संशयास्पद जागी दोन फूट बाय दोन फूट प्लास्टिक चारही बाजूंनी घट्ट चिकटवायचं आणि एक-दोन दिवस ठेवायचं. आतल्या, भिंतीकडच्या बाजूला पाण्याचे थेंब दिसले तर ओल भिंतीतून येतेय. थेंब खोलीच्या बाजूला असतील तर हवेतला दमटपणा आहे, त्याला खिडकी किंवा एक्झॉस्ट फॅन पुरतो. दोन्ही डाग दिसायला सारखेच असतात, खर्चात मात्र जमीन-अस्मानाचा फरक.

म्हणून पैसे आधी पाणी आणि वीज यांवर. जुने लोखंडी पाइप आतून गंजून अरुंद झालेले असतात, ते ठेवून वर नवी टाइल लावू नका. वॉटरप्रूफिंग झालं की टाइल लावण्याआधी बाथरूममध्ये निदान २४ तास पाणी तुंबवून ठेवा आणि खालच्या घरात जाऊन छत बघा. ठेकेदार घाई करेल, तरी हे सोडू नका. वायरिंगमध्ये अर्थिंग खरंच आहे का हे वायरमनकडून मोजून घ्या, आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की वीज लगेच तोडणारा स्विच, बसवा. तुमच्या घरात दुसऱ्याचं कुटुंब राहणार आहे, इथे काटकसर नको. स्लॅबचं प्लास्टर कुठे फुगलंय का तेही बघा. आतली सळई गंजली की फुगते आणि काँक्रीट ढकलून पाडते. ते वरून लिंपून भागत नाही.

मधली भिंत. बीम-कॉलमची इमारत असेल तर ती नुसती पार्टिशन असू शकते. भिंतींवरच भार असलेली इमारत असेल तर तिच्यावर वरचे मजले उभे असू शकतात. ठोकून आवाज ऐकून हे ठरत नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा आणि लेखी घ्या. परवानग्या लागतात त्या वेगळ्याच. भाड्याने देणार असाल तर माझं मत स्पष्ट आहे: पाडू नका. एक खोली कमी झाली की भाडं कमी होतं, हॉल कितीही मोकळा दिसो. स्वयंपाकघराचंही तसंच. चकचकीत शटरसाठी भाडेकरू जास्त भाडं देत नाही. पक्का ओटा, चांगला नळ, मजबूत बिजागऱ्या एवढं पुरे. विकणार असाल तर उजेड, स्वच्छ बाथरूम आणि एकसारखा रंग यांनी गिऱ्हाईक थांबतं. किचन तो स्वतःच्या आवडीने बदलतोच.

ठेकेदाराशी बोलताना कामाची यादी, साहित्याचा ब्रँड आणि जाडी लेखी असू दे. पैसे टप्प्याटप्प्याने, शेवटचे १० टक्के सगळं तपासल्यावर. अंदाजाच्या वर २० टक्के बाजूला ठेवा, कारण तीस वर्षांच्या भिंतीत काय निघेल ते फोडल्याशिवाय दिसत नाही.

कागदपत्रं वकिलाकडूनच तपासा: मालकीची साखळी, घरावरचा बोजा, मंजूर नकाशा. मालक घाईत असेल तर घाईचं कारणही विचारा.

आणि ती नुकती रंगवलेली भिंत. बाकीचं घर जुन्याच रंगात असताना तेवढीच का रंगवली? तिच्या मागे बाथरूम आहे का ते बघा, प्लास्टिक लावायची परवानगी मागा, आणि दोन दिवसांनी काय दिसलं ते इथे लिहा. त्याआधी टोकन देऊ नका.