कोकणातल्या जुन्या कौलारू घराची वादळाच्या हंगामाआधी काय तयारी करावी?

प्रश्न: आम्ही पुण्यात असतो. दापोलीजवळ जुनं कौलारू घर घेतलंय, सासू-सासरे तिथेच राहतात. वादळाच्या दृष्टीने घराची आणि माणसांची काय तयारी करावी?

उत्तर:

बॅटरी, मेणबत्त्या, सुका खाऊ यावर मी लिहीत नाही. आगोट, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरणाऱ्या घरात ते मेअखेर असतंच. तुम्ही आधी पडवी बघा. पडवीचे वासे मूळ घराच्या वाशांना खिळवलेले असतील तर ते यंदाच सोडवा आणि पडवी तिच्या स्वतःच्या खांबांवर उभी करा. बाकीचं नंतर.

इतकं ठासून सांगतेय, कारण आमचं घर श्रीवर्धन तालुक्यात आहे आणि ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आम्ही त्याच घरात होतो. गणपतीत माणसं मावत नाहीत म्हणून थोरल्या दिरांनी मुंबईहून येऊन पडवी वाढवली होती. वाढवायला माझी ना नव्हती. पण त्यांनी पत्र्याखालचे वासे थेट मूळ वाशांना जोडायला लावले, पुढचे खांब तेवढे नवे. मी म्हटलं, आतल्या बाजूलाही खांब घाला, मूळ घराला हात लावू नका. सुताराला पटलं होतं. भाऊजी म्हणाले, "तू चहाचं बघ."

पडवी तीन बाजूंनी उघडी. वारा आत शिरला की खालून रेटा देतो आणि वरून जाणारा वारा पत्रा ओढून घेतो. त्या दुपारी आमचे पत्रे एकेक करून उडाले नाहीत. अख्खी पडवी वाशांसकट वर झाली आणि जाताना वळचण, म्हणजे मूळ छपराची खालची कड, उपसून घेऊन गेली. मग वाऱ्याला माळ्यात वाट मिळाली. आधी ओटीवरची कौलं गेली, मग माजघरावरची. सासू-सासरे, दोन्ही मुलं आणि टाळेबंदीमुळे गावी आलेली जाऊ, सगळे आम्ही देवघरालगतच्या खोलीत बसलो होतो, कारण तिला तक्तपोशी, म्हणजे फळ्यांचं छत, आहे. वरून कौलांचे तुकडे फळ्यांवर आदळत होते आणि सासूबाई मोठ्याने रामरक्षा म्हणत होत्या. शेजारचं घर आमच्या घराइतकंच जुनं. त्यांची पडवी वेगळी उभी होती, ती पार गेली, पण घराचं छप्पर थोडी कौलं सोडता जागेवर राहिलं. भाऊजी आजही म्हणतात, वारंच तेवढं होतं. वारं दोन्ही घरांना सारखंच होतं.

छप्पर शाकारून घेताना आढ्यावरचे कोने आणि कडेच्या ओळी पक्क्या करून घ्या, रिपांना, म्हणजे कौलांखालच्या आडव्या पट्ट्यांना, तारेने बांधून. वारा कडेपासून उचलायला लागतो, मधून नाही. परसात सुटे पत्रे टेकवून ठेवले असतील तर आत घ्या, उडता पत्रा माणूस कापतो. नारळ आणि सुकलेली झावळं मेमध्येच उतरवा. घरावर आलेल्या फांद्या काढा, पण भीतीपोटी आंबा मुळापासून तोडू नका, दाट झाडी वारा अडवते.

विहिरीवर पंप बसवला म्हणून रहाट काढला असेल तर परत लावा. निसर्गनंतर कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. फोनही बंद होते, म्हणजे पुण्याहून तुम्ही काहीही सांगू शकणार नाही. कुठल्या खोलीत बसायचं, कोणाकडे जायचं, कधी निघायचं हे सासू-सासऱ्यांनी आधीच ठरवलेलं हवं. सुतार येईल त्या दिवशी तर सासूबाईंना समोर बसवाच. पाणी कुठून गळतं, कुठला वासा करकरतो हे रोज त्याखाली झोपणाऱ्या माणसाला ठाऊक असतं, चार दिवसांसाठी येणाऱ्याला नाही. आमच्याकडे नवीन पडवी आता वेगळ्या खांबांवर आहे, आणि ती मी उभी करून घेतली.

औषधं महिनाभराची आणि रोख पैसे घरात असू देत. घराचे चारही बाजूंनी फोटो आत्ताच काढून ठेवा, पंचनाम्याच्या वेळी आधी काय होतं ते दाखवता येतं.

हंगाम एकच नाही हेही लक्षात घ्या. तौक्ते मे २०२१ मध्ये आलं, पण फयान नोव्हेंबर २००९ मधलं. म्हणून दसऱ्याच्या सुमारास छपरावरून पुन्हा एकदा नजर फिरवा. आणि वादळात वारा एकदम पडला तर बाहेर येऊ नये. डोळा वरून जात असेल तर थोड्या वेळाने वारा उलट्या दिशेने तितक्याच जोराने सुटतो.

हे सगळं घर उंचावर असेल तर. पुळणीला, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूला, किंवा खाडीला लागून असेल तर कौलं बांधून उपयोग नाही, तिथे पाणी आत येतं. ग्रामपंचायतीने शाळेत जायला सांगितलं की म्हाताऱ्या माणसांनी वाद न घालता निघावं, वारा सुटायच्या आधी, उजेडात.