मोठं हाय-पॉवर मॉडेल रॉकेट वर गेल्यावर वाकडं पळू नये यासाठी काय तपासावं?

आधी गुरुत्वमध्य बघा. मोटर, पॅराशूट, बॅटरी असं सगळं भरून रॉकेट दोरीवर आडवं तोला. तोल साधतो तो बिंदू दाबकेंद्राच्या (उडताना हवेचा एकूण जोर जिथे लागतो त्या बिंदूच्या) पुढे, नाकाकडे, नळीच्या निदान एका व्यासाइतका हवा. रिकाम्या रॉकेटवरचं माप चालत नाही, कारण मोठी मोटर शेपटीकडे बरंच वजन आणते. अंतर कमी पडलं तर नाकात वजन वाढवा.

मोटरचा जोर वजनाच्या 5 पट तरी ठेवा. रेल (लाँचच्या वेळी रॉकेटला सरळ धरणारी उभी पट्टी) सुटताना वेग कमी असेल तर फिन्स, म्हणजे शेपटीचे पंख, काही करू शकत नाहीत.

मला मात्र उतरण्याची काळजी जास्त वाटते. पॅराशूट बाहेर ढकलणारा बारूदाचा चार्ज आधी जमिनीवर, लांब उभं राहून, उडवून बघाच. शिअर पिना (नाक नळीला धरून ठेवणाऱ्या, झटक्याने तुटणाऱ्या बारीक पिना) तुटून नाक सपशेल सुटलं, तरच लाँचला न्या.